तेलाची खरवड

“दोन माणसं आणलीत, भाबी. एक गेला. एक जिवंत आहे, त्याला मोठ्या हॉस्पिटलात पाठवतायत.”

वरच्या मजल्यावरची मल्याळी नर्स फोनवर हिंदीत बोलत होती. ती रिफायनरीच्या दवाखान्यात कामाला होती. मी विचारलं, गेला तो कोण? ती म्हणाली, “ओळखू येत नाही. दोघंही डोक्यापासून पायापर्यंत काळे आहेत. कोकवरची माणसं आहेत, एवढंच कळतंय.” आणि तिने फोन ठेवला. तिला काम होतं.

कोकवर, म्हणजे रिफायनरीत तेलाचा कोळसा निघतो त्या जागी, त्या वेळी माझा नवरा होता आणि शेजारणीचा नवरा होता. शेजारीण माझ्याच स्वयंपाकघरात, हातात झारा घेऊन कढईपाशी उभी होती. माझे हात पिठाचे होते म्हणून मी फोन स्पीकरवर ठेवला होता. तिने सगळं ऐकलं होतं.

मगरीबची, रोजा सोडायची बांग नुकतीच झाली होती. ताटातल्या खजुराला मी हात लावलेला नव्हता. तिने गॅस बंद केला. कढईतली भजी तेलात तशीच राहिली.

“भाबी, आता?”

“आता काय. बस खाली.”

आम्ही दोघी फरशीवर समोरासमोर बसलो. दोन नवरे, त्यातला एक जिवंत. मी चौथी शिकलेय, पण हा हिशेब पहिलीतल्या पोरालाही जमला असता. मी मनात म्हटलं, या अल्ला, माझा वाचू दे. माझा वाचू दे याचा अर्थ तिचा जाऊ दे. तो अर्थ मला कळत होता आणि तरी मी तेच मागत राहिले. तिचेही ओठ हलत होते. इतक्या वर्षांच्या शेजाराने तिच्या देवांची नावं मला पाठ झाली होती, त्यामुळे ती कुणाकडे मागतेय तेही मला कळत होतं. काय मागतेय ते विचारायची गरज नव्हती.

ते दोघं त्या वेळी एका जागी असणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. का, ते सांगायचं तर आधी ती जागा सांगायला हवी.

मी रत्नागिरीकडची. आमच्या गावात दर घराआड एक माणूस आखातात. माझा नवरा लग्नाआधीच इकडे आला होता. पूर्व किनाऱ्यावरच्या एका रिफायनरीत लागला आणि ऑपरेटर झाला तेव्हा कुटुंबाचं क्वार्टर मिळालं, मग मी आले. मी आले तेव्हा मला वाटलं होतं, तेलाच्या कारखान्यातला माणूस तेलकट होऊन घरी येईल. हा आला तो कोळशाच्या वखारीतून आल्यासारखा. कानात काळं, नाकात काळं, पापण्यांना काळं. मी म्हटलं, “तुम्ही तेलाच्या कामाला आहात की कोळशाच्या?” तो म्हणाला, “दोन्ही.”

मग त्याने मला भाताच्या भांड्यावरून समजावलं. जमिनीतलं तेल तापवलं की हलकं असेल ते आधी वर उडतं. त्यातून गॅस, पेट्रोल, रॉकेल, डिझेल निघतं. शेवटी तळाला राहतो तो गाळ. थंड झाला की डांबर होतो, पाइपातून पुढे सरकत नाही, म्हणून त्याच्या पाइपांना वाफेच्या नळ्या गुंडाळून ठेवतात. पूर्वी या गाळाला कुणी विचारत नसे. आता त्यालाही भट्टीत तापवतात आणि एका उंच ड्रममध्ये भरतात. नावाला ड्रम, उंची आठ-दहा मजली इमारतीएवढी. त्यात तो गाळ आपल्याच उष्णतेने शिजतो, उरलंसुरलं हलकं तेल वरून सोडतो आणि बाकीचा दगड होतो. तो दगड म्हणजे कोक.

“म्हणजे खरवड,” मी म्हटलं.

“हां, तेलाची खरवड. आणि ती काढायचं काम आमचं.”

आमच्याकडे भांड्याच्या तळाची खरवड टाकत नाहीत, ताकाबरोबर खातात. ती गरिबाची रीत आहे असं मला वाटायचं. इथे येऊन कळलं, श्रीमंतही खरवड टाकत नाही.

ड्रम दोन होते. एकात गाळ भरायचा, तोवर दुसऱ्यातला कोक काढायचा. काढायच्या आधी तो गार करायचा. आधी वाफ, मग पाणी, मग ते पाणी खालून सोडून द्यायचं. सुटणारं पाणी पुरतं निवलं की समजायचं, आत गार झालं. मगच खालचं झाकण उघडायचं आणि वरून पाण्याचा असा झोत सोडायचा की दगडाचे तुकडे होऊन खाली पडतात. पाणी निवायच्या आधी झाकण उघडायचं नाही, एवढं मलाही ठाऊक होतं. रोज तेच ऐकत होते मी.

त्याच्या कपड्यांना माझ्याकडे वेगळी बादली होती. तीन पाण्यांनीही बुडाशी काळी भुकटी राहायची. त्या पाण्याला सडक्या अंड्याचा वास यायचा. पहिल्या वर्षी मला मळमळायचं. नंतर सुट्टीवर गावी गेले की कपडे धुताना काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं, तेव्हा कळलं की मी त्या वासाची वाट बघतेय. माणूस कशाला सरावेल सांगता येत नाही.

शेजारीण सांगलीकडची. ती राहायला आली त्याच दिवशी तिचा नवरा माझ्या नवऱ्याच्या हाताखाली कोकवर लागला. ती पहिल्याच आठवड्यात काळे कपडे घेऊन माझ्या दारात आली.

“काय वो भाबी, हे निघतं तरी कशानं?”

“निघत नाही. नवरा बदल.”

ती अशी हसली की समोरच्या हैदराबादी बाईने दार उघडून पाहिलं. तेव्हापासून आमचं जमलं. तिची जीभ माझ्याहून कमी नव्हती. ती म्हणायची, “भाबी, तुमचा माणूस गोरा आहे हे आम्हाला शुक्रवारीच कळतं बघा.” शुक्रवारी सुट्टी असायची आणि तो घासून आंघोळ करायचा.

शुक्रवारी नमाजनंतर आम्ही चौघं तिच्या नवऱ्याच्या जुन्या गाडीतून समुद्रावर जायचो. इथला समुद्र आमच्या समुद्रासारखा नाही. लाट नाही, आवाज नाही, परातीत पाणी ठेवल्यासारखा. पण मासळी चांगली. सुरमईला इथे कनद म्हणतात. मटण खाणारी सांगलीची बाई मासळी बघून नाक धरायची. मी तिला आधी तळलेली तुकडी दिली, मग कालवण दिलं. तिसऱ्या वर्षी ती मासळीवाल्याशी माझ्या आधी भांडायला लागली. मी तिच्याकडून पुरणपोळी शिकले. माझी फुटायची. ती म्हणायची, “भाबी, ही पोळी नाही, पुरणानं केलेला घात आहे.” मी तिला सांदण शिकवलं, ते तिला माझ्याहून बरं जमायला लागलं. ते मला आवडलं नव्हतं.

घराच्या खिडकीतून रिफायनरीच्या चिमणीवरची, जादा गॅस जाळणारी ज्योत दिसायची. ज्योत रोजच्यापेक्षा मोठी दिसली की काहीतरी बिघडलंय, म्हणजे नवऱ्याला उशीर. ती लहान झाली की आम्ही तांदूळ धुवायला घ्यायचो. घड्याळ कोण बघतं. आता मी रियाधला मुलाकडे राहते. इथे खिडकीतून मेट्रोचा पूल दिसतो. गाडी येते, जाते, तिच्यावरून मला स्वयंपाकाची काही खूण कळत नाही. नातवंडांना हे सांगितलं तर ती इंग्रजीत म्हणतात, आजी, फोन का नाही करायचात?

फोन चालत नव्हता, म्हणून. आत फोन न्यायला बंदी होती. ठिणगीची भीती. आत जाताना सगळे फोन लॉकरमध्ये ठेवायचे. फोन केला तर लॉकरमध्ये वाजत राहायचा.

आता रमजानची गोष्ट. त्या वर्षांत रमजान ऐन उन्हाळ्यात यायचा. बाहेर उभं राहिलं की डोळ्यांतलं पाणीसुद्धा सुकतं, असं ऊन. त्यात रोजा ठेवून ड्रमपाशी उभं राहायचं. कोकवरच्या माणसांनी आपसात एक रीत पाडली होती. कुणी सांगितलेली नव्हती, कुणी अडवलेलीही नव्हती. बांग व्हायच्या जरा आधी रोजा नसलेला माणूस रोजेदाराची जागा घ्यायला ड्रमवर यायचा. रोजेदाराने खाली जायचं, हात धुवायचे, खजूर तोंडात टाकायचा, नमाज पढून परत यायचं. माझ्या नवऱ्याच्या जागी नेहमी शेजारी जायचा. आणि दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी शेजारी घरी आणि माझा नवरा त्याच्या पाळीवर. वर्षानुवर्षं असं चाललं होतं.

त्या रितीत आणखी एक गोष्ट होती. रोजेदाराला एक जिना जास्त चढायला लावायचा नाही. त्याला हाक मारायची नाही, परत बोलवायचं नाही, पाणी तर त्याच्यासमोर प्यायचंच नाही. शेजारी म्हणायचा, “उपाशी माणसाला किती पळवायचं?” चांगला माणूस.

इफ्तारीचा डबा मी जरा मोठाच द्यायची. कारण खाली कोकच्या खड्ड्यापाशी नळी घेऊन फरशी धुणारा एक नेपाळी होता, ठेकेदाराचा माणूस. तो रोजेदार नव्हता, पण इफ्तारीला सगळ्यांच्या आधी डब्याकडे बघायचा. नवरा घरी येऊन सांगायचा, “नेपाळी म्हणतो, भाबीको बोलो मिरची जादा.” मी कधी त्याला पाहिलं नाही. मिरची मात्र जादा घालायची.

त्या संध्याकाळचं हे असं होतं. बांगेच्या सुमाराला जागा बदलायची, म्हणजे दोघंही ड्रमपाशी. नर्सने सांगितलं, कोकवरचे दोघं. आम्हाला तिसऱ्या कुणाचं नाव सुचलंच नाही.

मी नवऱ्याचा फोन लावला. वाजला आणि बंद झाला. तिने तिच्या नवऱ्याचा लावला. तोही वाजला. दोन लॉकरमध्ये दोन फोन वाजत होते.

जिन्यावर बायका जमल्या. हैदराबादी बाई आत येऊन म्हणाली, “सबर करो, बहन.” मी म्हटलं, “करते, तू घरी जा.” ती गेली. मला सबर माहीत आहे, दुसऱ्याकडून ऐकायचा नसतो.

शेजारणीने हातातला झारा खाली ठेवला. मग म्हणाली, “तुमचे तर बांगेआधीच निघतात. थांबतात कुठं.”

“तुझा लवकर येतो म्हणून निघतात.”

“तेच म्हणते मी. तुमच्या रोज्यापायी माझा माणूस तिथं गेला.”

मला राग यायला हवा होता. आलाही. मी म्हटलं, “आणि दिवाळीला माझा जातो तो कुणापायी गो?”

ती रडायला लागली. मी रडले नाही. मी तिच्या तोंडाकडे बघत होते आणि मला वाटत होतं, उद्या या दोघींतली एक सामान बांधणार. नवरा गेला की इकामा, इथे राहायचा परवाना गेला, क्वार्टर गेलं. कोण बांधणार तेवढंच ठरायचंय. तिची भांडी मला ओळखीची होती, कुठलं कुठल्या खोक्यात जाईल तेही मी मनात लावून पाहिलं. माणूस काय काय विचार करतो.

जरा वेळाने तिने नाक पुसलं, उठली, ताटातला खजूर आणि सब्ज्याचं सरबत माझ्यासमोर ठेवलं.

“भाबी, रोजा सोडा. बांग होऊन गेली कधीच.”

मी सोडला. तिनेही एक खजूर खाल्ला. नको असताना खाल्ला, माझ्या सोबतीला.

रात्रीच्या, ईशाच्या बांगेला अजून वेळ होता तेव्हा खाली कंपनीची बस थांबली. पाळी संपलेली नसताना बस आली याचा अर्थ काम बंद करून माणसांना सोडलं होतं. आम्ही दोघी जिन्याच्या खिडकीपाशी गेलो. एकेक माणूस उतरत होता. सगळे सारखेच काळे, सगळे खाली मान घालून. तिने माझा दंड धरला होता. तिची नखं मला लागत होती.

शेवटी माझा नवरा उतरला.

माझा दंड तिने सोडला. मला वाटलं ती आता पडेल, पण ती खिडकीची कड धरून उभी राहिली. माझा इथे उभा आहे, म्हणजे तिचा हॉस्पिटलात आहे, नाहीतर तिथेही नाही. तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. मी जिन्याकडे बघत राहिले.

नवरा वर आला. माझ्याकडे त्याने पाहिलंच नाही. आधी तिला म्हणाला, “वहिनी, तो जिवंत आहे.”

“खरं सांगा.”

“माझ्याशी बोलला तो. दोन्ही पाय भाजलेत, गुडघ्यापर्यंत. म्हणाला, हिला सांग, गाडीची चावी लॉकरमध्ये आहे.”

“चावी?” ती म्हणाली. “चावीचं काय सांगतोय मेला?”

आणि ती जिन्यावर बसून हसायला लागली. मीही हसले. बायका बघत होत्या, बघू देत. आम्ही दोघींनी एकमेकींच्या नवऱ्याचं मरण मागितलं होतं आणि दोघींचं मागणं फुकट गेलं होतं. इतका आनंद मला मुलगा झाला तेव्हाही झाला नव्हता.

मग चहा झाला. नवऱ्याने हात न धुता कप घेतला, कपावर काळी बोटं उमटली. चहा अर्धा झाल्यावर मला आठवलं.

“मग गेला तो कोण?”

“नेपाळी,” तो म्हणाला.

कसं झालं ते त्याने तेव्हाच सांगितलं. तो ड्रमच्या खालून सुटणाऱ्या पाण्यावर नजर ठेवून होता. पाणी अजून गरम येत होतं. शेजारी जागा घ्यायला आला तो रोजच्यापेक्षा जरा आधी. “जा, जा, खजूर घे,” म्हणाला. हा निघाला. त्याला वाटलं, आलाय तर पाणी आता तोच बघेल. शेजाऱ्याला वाटलं, हा जागा सोडून गेला म्हणजे पाणी निवलेलं बघूनच गेला. एकाने विचारायला हवं होतं, दुसऱ्याने सांगायला. शेजाऱ्याला विचारावंसं वाटलंही होतं, हे त्यानेच पुढे हॉस्पिटलात सांगितलं. कमरेला वायरलेस होता. पण बांग जवळ आली होती, माणूस दिवसभराचा उपाशी, हात धुवून खजुरापाशी बसला असेल. कशाला परत बोलवायचं. त्याने खालचं झाकण उघडलं.

आत मधोमध गार न झालेला भाग राहिला होता. उकळतं पाणी आणि कोकचे गोळे एकदम बाहेर आले. शेजारी खांबाच्या आड होता म्हणून पायांवर निभावलं. नेपाळी समोर उभा होता, नळी घेऊन.

नवऱ्याने हे सगळं एका सुरात सांगितलं आणि म्हणाला, “आम्ही धावलो, पण धावून काही झालं नाही.” नंतर तो गुसलखान्यात गेला आणि फार वेळ बाहेर आला नाही. पाण्याचा आवाज येत नव्हता.

साहेबांनी दोघांनाही खूप विचारलं. दोघांनी होतं तसं सांगितलं. मग हुकूम आला, अदलाबदल बंद. पुढच्या रमजानला माझा नवरा ड्रमपाशी उभ्या उभ्या एक खजूर तोंडात टाकायचा आणि पाण्याकडे बघत राहायचा. दिवाळीला कुणी कुणाच्या पाळीवर गेलं नाही. रीत मोडली ती बरोबरच मोडली, मला त्यात शंका नाही. पण मला ती आठवते. दुसऱ्याची भूक मनात धरून जिना चढून येणारी माणसं नंतर मी फारशी पाहिली नाहीत, आणि त्या संध्याकाळी झालं ते त्यातूनच झालं, हेही खरं.

शेजारी पुष्कळ महिने हॉस्पिटलात होता. शेजारीण रोज माझ्याकडे जेवायची. त्या संध्याकाळी काय बोललो ते आम्ही पुन्हा काढलं नाही. तो चालायला लागल्यावर ती दोघं सांगलीला गेली. भांडी मीच बांधून दिली. अजून फोन असतो. मागच्या खेपेला म्हणाली, “भाबी, सांदण केलं, फुगलं नाही.” मी म्हटलं, “बरं झालं.”

माझा नवरा निवृत्त झाला. आता तो मुलाच्या बाल्कनीत बसून टोमॅटोच्या कुंड्यांना पाणी घालतो. पाणी घालण्याआधी हात बुडवून बघतो, टाकीतलं आहे, तापलेलं असतं.

नेपाळ्याच्या घरी कोण होतं ते मला आजही माहीत नाही. आमच्या इमारतीत त्याच्या ओळखीचं कुणी नव्हतं, त्यामुळे त्याच्यासाठी कुणी जिन्यात उभं नव्हतं. ठेकेदाराने शवपेटी पाठवली एवढं कळलं.

माझा नवरा वाचला. तिचा नवरा वाचला. नेपाळी वाचला नाही.